क्लॉकची ती सरळ रेघ

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचे कोणतेही क्रमिक पुस्तक उघडा आणि फ्लिप-फ्लॉपचे प्रकरण काढा. चार चौकोन एका ओळीत मांडलेले दिसतील. त्यांच्या खालून एक सरळ रेघ गेलेली असते, तिच्यातून प्रत्येक चौकोनाकडे एकेक फांदी चढते, आणि रेघेच्या डाव्या टोकाशी ‘क्लॉक’ एवढा एकच शब्द लिहिलेला असतो. चौकोनांच्या आत काय चालते यावर पुस्तक पानेच्या पाने लिहिते. सत्यसारणी देते, तरंगाकृती देते, जेके आणि डी यांतला फरक सांगते. त्या खालच्या रेघेवर मात्र एक वाक्यही खर्च करीत नाही. प्रस्तुत लेखातील तक्रार आहे ती या रेघेविषयी.

फ्लिप-फ्लॉप म्हणजे एक बिट, म्हणजे ० किंवा १, लक्षात ठेवणारे मंडल. त्याच्या डी टोकाशी जे मूल्य असेल ते क्लॉकचा ठोका पडताक्षणी आत घेतले जाते आणि क्यू टोकाशी दिसू लागते. पुढचा ठोका पडेपर्यंत डीशी काहीही घडो, क्यू हलत नाही. अनेक फ्लिप-फ्लॉप एकाच ठोक्यावर चालवले की गणक तयार होतो, सरकरजिस्टर तयार होते, आणि शेवटी संगणकही तयार होतो. ‘एकाच ठोक्यावर’ या शब्दांवर ही सगळी इमारत उभी आहे. तो ठोका सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू जातो, हे पुस्तक गृहीत धरते. सरळ रेघेचा अर्थ नेमका एवढाच.

पुस्तकांची मांडणी साधारणपणे अशी असते. आधी रिपल गणक शिकवतात. त्यात पहिल्या फ्लिप-फ्लॉपचे क्यू हेच दुसऱ्याचे क्लॉक असते, दुसऱ्याचे तिसऱ्याचे, याप्रमाणे. प्रत्येक पायरीला थोडा उशीर होतो आणि उशिरांची बेरीज होत जाते, हा रिपल गणकाचा दोष म्हणून सांगितला जातो. मग समकालिक गणक येतो. त्यात सगळ्यांना एकच क्लॉक दिलेला असल्याने उशिराचा प्रश्न मिटला, असे सांगून प्रकरण पुढे सरकते. येथे विद्यार्थ्याची दिशाभूल होते. साखळीतला उशीर गेला हे खरे. पण त्याबरोबर एक नवी जबाबदारी आली, आणि ती त्या सरळ रेघेवर पडली. आता तिने ठोका सर्वांना सारखा पोचवायचा आहे. तो ती कसा पोचवते, हे विचारायला पुस्तकात जागा नाही.

यात बिघडते काय ते पाहू. त्यासाठी बोर्डाच्या परीक्षेचा दाखला शिक्षकांना सर्वांत जवळचा वाटेल. परळी आणि अंबाजोगाई येथे एकेक परीक्षाकेंद्र आहे असे धरू. दोन्हीकडे सकाळी ११ ला घंटा व्हायची आहे. समजा अंबाजोगाईची घंटा अर्धा तास उशिरा झाली. परळीत ११ ला पाकीट फुटले, दहा मिनिटांत प्रश्न बाहेर आले, आणि फोनवरून अंबाजोगाईला पोचले. तेथील मुले अजून वर्गात शिरायची आहेत. पेपर फुटला! दोष प्रश्नपत्रिकेचा नाही, मुलांचाही नाही. पहिल्या केंद्राच्या घंटेमुळे जे बाहेर आले ते दुसऱ्या केंद्राची घंटा होण्याआधी तेथे जाऊन पोचले, एवढेच घडले.

फ्लिप-फ्लॉपच्या साखळीत हेच होते. पहिल्याचे क्यू दुसऱ्याच्या डीला जोडलेले आहे. ठोका पहिल्याला वेळेवर मिळाला, त्याचे क्यू बदलले. दुसऱ्याला ठोका उशिरा मिळाला, तर तो जुने मूल्य घ्यायच्या ऐवजी नुकतेच बदललेले मूल्य आत घेतो. एका ठोक्याला एक घर सरकायचे ते बिट दोन घरे सरकते. दोन ठिकाणी ठोका पोचण्याच्या वेळेतील या फरकाला इंग्रजीत स्क्यू म्हणतात. आपण त्याला ठोक्याचा तिरपेपणा म्हणू.

याच दाखल्यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते संपूर्ण विषयात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गणक चुकू लागला की विद्यार्थी क्लॉकची गती कमी करून पाहतो. पुस्तकाने त्याला शिकवलेले असते की मंडलाला वेळ पुरत नसेल तर वेग कमी करावा. पण परीक्षेचे दोन पेपर रोज घेण्याऐवजी आठवड्याने घेतले म्हणून वरच्या प्रकारात पेपर फुटायचा थांबेल काय? फुटणे त्याच दिवशी, त्याच अर्ध्या तासात घडते. तसेच येथेही. सेकंदाला एक ठोका द्या किंवा तासाला एक द्या, तिरपेपणा तेवढाच राहतो आणि चूक तशीच होते. संथ मंडल चुकत नाही, ही समजूत शाळा-महाविद्यालयांत फार पक्की आहे, आणि ती चुकीची आहे.

ऑसिलोस्कोप नसतानाही हे दाखवता येते. ७४एलएस७४ ही एकच आयसी घ्यावी. तिच्यात दोन डी फ्लिप-फ्लॉप असतात. पहिल्याचे क्यू दुसऱ्याच्या डीला जोडावे, दोन्ही क्यूंना रोधासह एलईडी लावावेत, दोन्ही फ्लिप-फ्लॉप क्लिअर करून ठेवावेत आणि पहिल्याचा डी १ ला बांधावा. एक ठोका दिला की पहिला दिवा लागेल, दुसऱ्या ठोक्याला दुसरा. हे झाले पुस्तकाप्रमाणे. आता ७४एलएस०४ मधले सहाही इन्व्हर्टर एकामागून एक जोडून त्यांच्यातून क्लॉक दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपला न्यावा. सहा ही समसंख्या असल्याने ठोका उलटा होत नाही, फक्त उशिरा पोचतो. एका इन्व्हर्टरला साधारण १० नॅनोसेकंद धरले तर ६० नॅनोसेकंद. फ्लिप-फ्लॉपचे क्यू बदलायला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागतो. पुन्हा क्लिअर करून एकच ठोका द्या: दोन्ही दिवे एकदम लागतात. मिनिटाला एक ठोका दिला तरी निकाल तोच.

मग जोडणी उलटी करावी. उशिराचा क्लॉक पहिल्याला आणि थेट क्लॉक दुसऱ्याला द्यावा. मंडल बिनचूक चालते! दुसऱ्याने जुने मूल्य आधीच उचललेले असते, मग पहिला बदलतो. याचा अर्थ उशीर स्वतः वाईट नाही. तो कुठल्या बाजूला आहे यावर सर्व अवलंबून आहे. हुशार विद्यार्थी येथे म्हणेल, मग नेहमी क्लॉक शेवटाकडून सुरुवातीकडे न्यावा, प्रश्न मिटला. त्याला रिंग गणक काढायला सांगावे. रिंग गणकात शेवटच्याचे क्यू पुन्हा पहिल्याच्या डीला येते. क्लॉक उलट्या दिशेने नेला तरी वर्तुळ कुठेतरी जुळायचेच, आणि त्या जोडावर सर्वांत आधी ठोका मिळालेला सर्वांत उशिरा ठोका मिळणाऱ्याला माल पुरवतो. तेथे पेपर फुटतो. अशा मंडलात युक्ती चालत नाही. ठोका सगळ्यांना सारखा पोचवणे हाच उपाय उरतो.

आता बफरकडे वळू. क्लॉकच्या वाटेवर बसवलेल्या, आत आलेलेच मूल्य अधिक जोराने बाहेर देणाऱ्या गेटला बफर म्हणतात. हा शब्दच आपल्या मुलांना फसवतो. परळी वैजनाथ स्थानकात मालगाड्या पाहिलेल्या मुलाला बफर म्हणजे धक्का शोषून घेणारा दांडा वाटतो. संगणकाच्या तासाला बफर म्हणजे माहिती तात्पुरती साठवायची जागा असते, आणि रसायनाच्या तासाला बफर द्रावण तर निराळेच. क्लॉकचा बफर काहीही शोषत नाही आणि काहीही साठवत नाही.

तो लागतो कशाला, याचे जे एकमेव कारण पुस्तके देतात ते भाराचे. ते खोटे नाही. जुन्या ७४ मालिकेत एक बाहेरचे टोक १६ मिलिअँपिअर प्रवाह ओढू शके आणि साध्या आतल्या टोकाला १.६ मिलिअँपिअर लागत, म्हणून एका गेटने दहा टोके चालवावीत असा नियम. पण ७४७४ चे क्लॉकचे टोक ३.२ मिलिअँपिअर घेई. म्हणजे दहाचा नियम पाठ करून दहा फ्लिप-फ्लॉप जोडणारा फसे. खरी मर्यादा पाचाचीच. पुस्तकातील नियम आणि माहितीपत्रकातील आकडे यांत असे अंतर असते, म्हणून माहितीपत्रक वाचायची सवय बारावीपासूनच लावली पाहिजे. पुढे एलएस मालिका आली, प्रवाह कमी झाले, संख्या वीसवर गेली. सीमॉसमध्ये तर आतल्या टोकाला स्थिर प्रवाह जवळजवळ लागतच नाही. आणि प्रकल्पांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५५५ आयसीचे बाहेरचे टोक २०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह हाताळते. तेव्हा भार हेच एकमेव कारण असते तर आज बफर अडगळीत जायला हवा होता. प्रत्यक्षात त्याची गरज वाढली आहे.

दुसरे कारण शाळेतल्या एका नेहमीच्या जोडणीत लपलेले आहे. दाबकळ एकदा दाबली तरी तिच्या पात्या उसळतात आणि एकाऐवजी अनेक ठोके जातात. म्हणून कळेला १० किलोओहमचा रोध आणि १ मायक्रोफॅरडचा धारित्र लावून उसळी मारतात. उसळी जाते, पण ठोक्याची कडा आता उभी न राहता उतरण बनते. ५ व्होल्टवर चालणाऱ्या सीमॉस आयसीत मूल्य बदलते ते साधारण २.५ व्होल्टला, तेथे या उतरणीचा चढ मिलिसेकंदाला पाव व्होल्ट आहे. दोन आयसींचा उंबरठा हुबेहूब सारखा कधीच नसतो. त्यात केवळ १० मिलिव्होल्टचा फरक धरला तरी दोघींना ठोका ऐकू येण्यात ४० मायक्रोसेकंदांचे अंतर पडते. वरच्या प्रयोगात ६० नॅनोसेकंदांनी काम बिघडले होते. हे त्याच्या सहाशेपटीहून अधिक आहे. तार एकच आहे, लांबीही वीतभरच आहे, तरी ठोका तिरपा. आकृतीतली रेघ अगदी बरोबर जोडलेली असूनही!

उपाय एका गेटचा आहे. कळ आणि फ्लिप-फ्लॉप यांच्यामध्ये ७४एचसी१४ सारख्या श्मिट ट्रिगर इन्व्हर्टरचे एक गेट बसवावे. उतरण त्याच्यापर्यंत येते, तो एकदाच ठरवतो की ठोका पडला, आणि पुढे सगळ्यांना उभी, ताठ कडा देतो. बफरचे खरे काम हे आहे. ठोका केव्हा पडला याचा निर्णय दहा ठिकाणी दहा जणांनी न घेता एकाच ठिकाणी व्हावा. पुस्तकांनी बफरला हमाल म्हणून उभे केले. त्याला पंच म्हणून उभे करायला हवे होते.

परंतु पंचही वेळ खातो. बफर हे गेट आहे आणि प्रत्येक गेटला उशीर असतो. म्हणून चारांपैकी तिघांना थेट क्लॉक आणि भार जास्त झाला म्हणून चौथ्याला बफरमधून, अशी जोडणी केली की बरे चाललेले मंडल बिघडते. बफर लावायचे तर सर्वांच्या वाटेवर सारखे लावावेत. एकाने चौघांना चालवावे, त्या चौघांनी प्रत्येकी चार फ्लिप-फ्लॉपना, आणि शक्यतो ते चौघे एकाच आयसीतले असावेत, म्हणजे त्यांचे उशीर जवळजवळ जुळतील. मूळ क्लॉकपासून एकूण किती उशीर झाला याला मंडलाच्या आत फारसे महत्त्व नाही. एकमेकांत किती फरक पडला एवढेच पाहायचे.

या बाबतीत मॉरिस मानो यांच्या ‘डिजिटल लॉजिक अँड कॉम्प्युटर डिझाइन’ (१९७९) या आपल्याकडेही खूप वापरल्या गेलेल्या पुस्तकाचा निवाडा करावासा वाटतो, कारण ते चांगले पुस्तक आहे आणि तरीही येथे अपुरे पडते. रजिस्टरच्या प्रकरणात मानो क्लॉकच्या वाटेवर एक इन्व्हर्टर दाखवतात आणि त्याचे कारण देतात ते मुख्य क्लॉकवरचा भार कमी करण्याचे. त्याच ओघात ते असेही बजावतात की क्लॉकच्या वाटेवर गेटे घालू नयेत, कारण त्यांच्या उशिरामुळे ठोके सर्वत्र एकाच वेळी पोचणार नाहीत. दोन्ही विधाने बरोबर आहेत. पण लक्ष देऊन वाचणारा विद्यार्थी गोंधळतो: गेट घालू नये म्हणता, मग तुम्ही स्वतः घातलेत ते काय? उत्तर सोपे आहे. तो इन्व्हर्टर चौघांना सामाईक आहे, म्हणून त्याचा उशीर चौघांना सारखाच. निषिद्ध आहे ते काहींच्या वाटेवर असलेले आणि काहींच्या नसलेले गेट. ही सांगड मात्र वाचणाऱ्याला स्वतःच घालावी लागते. एका वाक्याचे काम होते. याउलट होरोविट्झ आणि हिल यांच्या ‘द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’मध्ये तर्कमंडलांच्या दुखण्यांवर स्वतंत्र भाग आहे आणि संथ कडेमुळे होणारा हा तिरपेपणा तेथे रोगलक्षण म्हणून नोंदलेला आहे. फरक स्पष्ट आहे. एक पुस्तक कागदावरच्या मंडलासाठी लिहिलेले आहे, दुसरे हातात सोल्डरिंग आयर्न धरणाऱ्यासाठी. आपल्या अभ्यासक्रमांनी पहिल्या जातीची पुस्तके उचलली आणि त्यांचीही संक्षिप्त रूपे केली. संक्षेपात आधी गळतात ती नेमकी अशी वाक्ये.

हा केवळ प्रयोगशाळेतला बारकावा आहे, असे कुणी म्हणेल. १९९२ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अल्फा २१०६४ हा प्रक्रियक बाजारात आणला. २०० मेगाहर्ट्झला, म्हणजे दर ५ नॅनोसेकंदांना एक ठोका. त्याच्या क्लॉकच्या तारांवर ३ नॅनोफॅरडहून जास्त धारिता होती आणि ती भरण्या-रिकामी करण्यासाठी चिपवर एक अवाढव्य बफर बसवावा लागला. सुमारे ३० वॅट वीज खाणाऱ्या त्या चिपचा एक मोठा वाटा हिशेब करण्यावर नव्हे, तर ठोका पोचवण्यावर खर्च होई. पुस्तकातली फुकटची रेघ ती हीच.

आपल्या राज्यातले उदाहरण तर डोळ्यांनी पाहता येते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण म्हणजे जीएमआरटी आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. या तिसांनी मिळून एकाच दुर्बिणीसारखे पाहायचे तर सर्वांनी एकाच संदर्भ-स्पंदनावर चालले पाहिजे. ते स्पंदन मध्यवर्ती इमारतीतून प्रकाशतंतूंनी प्रत्येक तबकडीला जाते. तंतूत प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. १० किलोमीटरवरच्या तबकडीला ५० मायक्रोसेकंद उशीर, जवळचीला त्याचा अंशही नाही. येथे सर्वांच्या तारा सारख्या लांबीच्या करणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून वाट दुसरी धरली जाते: प्रत्येक तबकडीचा उशीर मोजायचा, आणि मध्यवर्ती इमारतीत संदेश एकत्र करताना तो हिशेबात धरून भरून काढायचा. उशीर नाहीसा करणे कुणाच्याच हातात नाही. तो सारखा तरी करावा, नाही तर मोजून वजा तरी करावा. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी तबकड्यांच्या आकाराबरोबर हाही प्रश्न मुलांना तेथे विचारायला लावावा.

आपल्या बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर प्रश्न अधिक टोचणारा आहे. आता बरेच प्रात्यक्षिक संगणकावरच्या सिम्युलेटरवर उरकले जाते. सुट्या भागांचा तुटवडा असलेल्या ठिकाणी ती सोय आहे, हे मान्य. पण प्राथमिक सिम्युलेटर त्या सरळ रेघेवर पुस्तकापेक्षाही जास्त विश्वास ठेवतो. त्याच्या तारेला उशीरच नसतो. धारूरच्या किंवा केजच्या मुलाने पडद्यावर चाललेला गणक पुढे ब्रेडबोर्डवर जोडला आणि तो २ वरून ५ वर उडाला, की त्याला मिळणारे उत्तर ठरलेले असते: कुठेतरी लूज कनेक्शन असेल, पुन्हा जोड. तो पुन्हा जोडतो, पुन्हा तेच होते. शेवटी जर्नलमध्ये पुस्तकातली सारणी उतरवतो आणि सही मिळते. त्याच्या मंडलाने खरी माहिती दिली होती. ती खोडून त्याने खोटी लिहिली, आणि तसे करायला आपणच शिकवले. ज्याच्या घरी इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे कुणी आहे तो मुलगा कदाचित यातून सुटेल. बाकीचे ‘आपल्या हाताला हे जमत नाही’ असा निष्कर्ष काढून विषय सोडतात.

नवे पुस्तक येईपर्यंत थांबायची आवश्यकता नाही. फळ्यावर समकालिक गणक काढताना क्लॉकच्या रेघेत एक त्रिकोण काढावा, फांद्यांच्या टोकांशी टी-एक, टी-दोन असे पोचण्याचे क्षण लिहावेत, आणि ते समान नसतील तर काय, हे वर्गालाच विचारावे. तोंडी परीक्षेत सत्यसारणी विचारण्याऐवजी एकच प्रश्न टाकून पाहावा: हा गणक सेकंदाला एक ठोका दिला तरी चुकतो, काय कारण असेल? आणि जर्नलमध्ये ‘अपेक्षित’ आणि ‘मिळाले’ असे दोन रकाने ठेवून दुसरा रकाना पहिल्याशी जुळत नसतानाही सही द्यावी.